आधी जंगल, मग समुद्र : श्रीलंकेची एक सहल कशी आखावी

माझं माहेर चंद्रपूरचं, सासर गुहागरचं. बाबा वनखात्यात होते, त्यामुळे सुट्टी म्हणजे जंगल हे माझ्या मनात लहानपणीच पक्कं झालं. नवऱ्याला मात्र समुद्र दिसल्याशिवाय सुट्टी लागल्यासारखं वाटत नाही. महाराष्ट्रात हे दोन्ही एका आठवड्यात बसवायला गेलं, तर ताडोबा राज्याच्या एका टोकाला आणि कोकण दुसऱ्या टोकाला. मधल्या प्रवासातच सुट्टी संपते. आमच्या घरापुरतं या प्रश्नाचं उत्तर श्रीलंकेत सापडलं. मी शाळेत भूगोल शिकवते. ओळखीचे लोक सहल आखताना फोन करतात, तेव्हा त्यांना जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

श्रीलंकेचं क्षेत्रफळ सुमारे 65,610 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून किंचित जास्त. एवढ्याशा बेटावर हत्ती आहेत, बिबटे आहेत, अस्वलं, मगरी, सांबर, चितळ आहेत आणि बहुतेक जंगलांपासून समुद्र दोन-तीन तासांवर आहे. मुंबईहून कोलंबोचं थेट विमान साधारण अडीच तासांत पोचतं. घड्याळाचे काटेसुद्धा हलवावे लागत नाहीत. आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं एकत्र नेणाऱ्या कुटुंबाला याहून सोपा परदेश मला माहीत नाही.

हॉटेल नंतर, महिना आधी

बहुतेक लोक आधी विमानाचं तिकीट काढतात, मग हॉटेल, आणि शेवटी विचारतात, ‘तेव्हा पाऊस असतो का हो?’ श्रीलंकेच्या बाबतीत हा क्रम पूर्ण उलटा करा. या देशाला दोन मोसमी वारे मिळतात आणि मध्ये डोंगरांची भिंत आहे. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस गॉल, उनवाटुना, मिरिस्सा या नैऋत्य किनाऱ्याला झोडपतो. तेव्हा पूर्व किनारा डोंगरांच्या आडोशाला कोरडा असतो आणि त्रिंकोमालीचा समुद्र शांत असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचे वारे वाहतात तेव्हा पूर्वेला पाऊस आणि दक्षिणेला स्वच्छ ऊन. त्यामुळे ‘श्रीलंकेला कधी जावं’ असं विचारण्यापेक्षा ‘माझ्या सुट्टीत कुठला किनारा उघडा आहे’ असं विचारा. किनारा ठरला की जंगल आपोआप ठरतं.

आपल्या शाळांच्या सुट्ट्यांवर हे लावून बघू. नाताळची सुट्टी असेल तर दक्षिण किनारा, आणि जंगलासाठी उडवलवे राष्ट्रीय उद्यान. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमत असेल तर दक्षिण किनारा आणि ‘याला’ नावाचं राष्ट्रीय उद्यान. मेच्या सुट्टीत पूर्वेला वळा: जंगलासाठी हबराणाच्या आसपासची अभयारण्यं आणि समुद्रासाठी निलावेली किंवा पासिकुडा. ऑगस्टमध्ये, विशेषतः स्वातंत्र्यदिनाला जोडून रजा मिळाली, तर पुन्हा हाच पूर्वेचा मार्ग, आणि तोही सर्वोत्तम काळात. राहिली दिवाळी. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन पावसांमधला काळ. दुपारनंतर ढग भरून येतात आणि पाऊस कुठेही कोसळतो. यालाचा मुख्य भागही बहुतेक वर्षी सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात. दिवाळीत जंगल आणि समुद्र अशी जोडसहल मी कुणालाही सुचवत नाही. त्या सुट्टीत दुसरीकडे जा, श्रीलंका नाताळसाठी ठेवा.

जंगल आधी का?

सफारीला पहाटे साडेचार-पाचला उठावं लागतं, जीपमध्ये हाडं खिळखिळी होतात, नाकातोंडात लाल धूळ जाते. हे सगळं सहलीच्या सुरुवातीला, अंगात उत्साह असताना आनंदानं होतं. तीन दिवस वाळूत लोळल्यावर पहाटेचा गजर लावला की घरातली निम्मी माणसं ‘तुम्ही जाऊन या’ म्हणतात. दुसरं कारण रस्त्याचं. दक्षिण किनाऱ्यावरून द्रुतगती मार्गानं कोलंबो गाठता येतं, म्हणजे परतीचा दिवस हलका जातो. हा मार्ग 2020 मध्ये हंबनटोटापर्यंत पोचला, त्यामुळे जंगलाकडे जातानाही तो उपयोगी पडतो. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला कटुनायकेला आहे. तिथून थेट यालाजवळच्या तिस्समहारामला जायला पाचेक तास लागतात. विमान संध्याकाळी उतरणार असेल तर त्याच रात्री निघू नका. नेगोंबोला मुक्काम करा, विमानतळापासून ते जवळ आहे.

दक्षिणेसाठी सात रात्री असतील तर माझी वाटणी अशी: नेगोंबोला एक, उडवलवेला एक किंवा दोन, तिस्सला (म्हणजे तिस्समहारामला) एक किंवा दोन, उरलेल्या सगळ्या समुद्रावर, आणि समुद्राला तीनपेक्षा कमी नकोत. यात नुवारा एलिया, एल्ला, कँडी कोंबायचा मोह होतो. ‘एवढं आलोच आहोत तर’ या चार शब्दांनी किती सहली दमवल्या आहेत! डोंगर आणि चहाचे मळे सुंदरच आहेत, पण ती वेगळी सहल आहे. जंगलाला लागतो तो वेळ. दुसऱ्या सफारीला डोळा सरावतो, तिसऱ्या वेळी आवाज ओळखू येतात. ते होईपर्यंत थांबा.

उडवलवे की याला?

लहान मुलं बरोबर असतील किंवा जंगल पहिल्यांदाच बघत असाल, तर नि:शंकपणे उडवलवे. 1972 मध्ये जाहीर झालेलं, 308 चौरस किलोमीटरचं हे राष्ट्रीय उद्यान एका मोठ्या जलाशयाभोवती आहे. माळरान मोकळं असल्यामुळे नजर लांबवर जाते आणि हत्ती वर्षभर दिसतात. आई, मावश्या, त्यांच्या पायांत घुटमळणारं पिल्लू असा अख्खा कळप जीपच्या शेजारून गवत उपटत जातो. गवताची मूठ सोंडेनं उपटून, पायावर आपटून माती झाडून मगच तोंडात घालतात. मुलं हे तास-तास बघत बसतात. श्रीलंकेतल्या फार थोड्या नर हत्तींना सुळे असतात. त्यामुळे सुळेवाला दिसला तर ड्रायव्हरही हळू आवाजात बोलायला लागतो.

उद्यानाला लागूनच अनाथ हत्तीपिल्लांचं संगोपन केंद्र आहे, 1995 पासूनचं. दर तीन तासांनी दूध पाजतात आणि ते लोकांना ठरावीक अंतरावरून बघता येतं. पिल्लांना हात लावू देत नाहीत, त्यांच्याबरोबर फोटो काढू देत नाहीत, कारण मोठी झाली की त्यांना परत जंगलात सोडायचं असतं. हत्तीवर बसवणाऱ्या, हत्तीला आंघोळ घालू देणाऱ्या जागांच्या जाहिराती बऱ्याच दिसतील. तिकडे जाऊ नका. मुलांना हत्ती दाखवायचा तर असा, त्याच्या स्वतःच्या घरात. आणि उडवलवेच्या रस्त्यालगत विजेच्या कुंपणापाशी काही हत्ती फळांच्या आशेनं उभे असतात. गाड्या थांबवून लोक त्यांना केळी देतात. तुम्ही देऊ नका, ड्रायव्हरलाही थांबवू नका. माणसाच्या हातच्या खाण्याला चटावलेला हत्ती पुढे शेतात आणि घरात शिरतो, आणि त्याची किंमत शेवटी त्यालाच मोजावी लागते. चंद्रपूरच्या बाजूला माणूस आणि वाघ यांचं काय होतं ते बघत मोठी झाले आहे, म्हणून हे इतक्या आग्रहानं सांगते.

याला बिबट्यांसाठी प्रसिद्ध. श्रीलंकेत वाघ नाही, सिंह नाही. बिबट्याच तिथला राजा, म्हणून तो आपल्याकडच्यापेक्षा निर्धास्त वागतो. दिवसाढवळ्या खडकावर पसरलेला दिसू शकतो. 1938 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या यालाचे पाच विभाग आहेत आणि सगळी गर्दी पहिल्या विभागात, कारण बिबटे तिथे जास्त दिसतात. ताडोबात प्रत्येक गेटची गाड्यांची संख्या ठरलेली असते. त्या शिस्तीची सवय असलेल्याला पहिल्या विभागातली सकाळ त्रासाची वाटू शकते. एकाच्या फोनवर बिबट्याची खबर आली की सगळ्या जीप तिकडे सुसाट निघतात.

यावर माझे उपाय ठरलेले आहेत. जीप ठरवतानाच चालकाला स्पष्ट सांगायचं की बिबट्याची खबर आली तरी पळायचं नाही, आम्हाला पक्षी, मगरी, अस्वल सगळं बघायचं आहे. ऐकणारा चालक मिळतो, फक्त आधी सांगावं लागतं. शक्य असेल तर अर्ध्या दिवसाऐवजी पूर्ण दिवसाची सफारी घ्या. सकाळच्या जीप परतल्या की दुपारचं जंगल रिकामं होतं आणि पाणवठ्याजवळ शांतपणे थांबता येतं. पूर्ण दिवसाच्या सफारीत बहुतेक चालक दुपारी पाटणंगलाच्या किनाऱ्यावर थांबतात. जंगलाच्या आत असलेली ही पुळण आहे. मागे काटेरी झुडपं आणि खडक, समोर खुला हिंदी महासागर. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत इथे माणसं गेली, त्यांचं स्मारक आहे. तिथे डबा खाताना आवाज जरा खाली ठेवा.

डिसेंबरमध्ये यालात पाऊस होऊन गेलेला असतो. सगळीकडे हिरवं आणि पाणी असल्यामुळे प्राणी विखुरतात, म्हणून नाताळात मी उडवलवेला झुकतं माप देते. फेब्रुवारीपासून पाणवठे आटायला लागतात तसं दिसणं वाढतं. मेपासून पुढे खिरणीची फळं पिकतात (तिथे या झाडाला पालू म्हणतात), आणि अस्वलं ती खायला झाडावर चढतात. अस्वलाचं वेड असलेल्यांनी तेव्हाच जावं, मात्र समुद्रासाठी पूर्वेकडे वळावं.

जीपमध्ये बसण्याबद्दल दोन गोष्टी. सहा जणांची जीप असेल तर चौघांनीच घ्या, दोन्ही बाजूंना सरकायला जागा राहते. आणि ज्येष्ठांना चालकाच्या लगेच मागच्या ओळीत बसवा, कारण शेवटच्या ओळीत धक्के सगळ्यात जास्त बसतात. कंबरेचं दुखणं असेल तर अर्धा दिवसच पुरे.

तिस्सला संध्याकाळ मोकळी असेल तर कतरगामाला जाऊन या, जवळच आहे. कार्तिकेयाचं हे स्थान हिंदू आणि बौद्ध दोघांचंही आहे. संध्याकाळच्या पूजेला लोक फळांची ताटं सजवून रांगेत उभे असतात. आपल्याकडे बऱ्याच घरांत बायका कार्तिकस्वामींचं दर्शन घेत नाहीत. इथे बायका आणि मुली पुढे होऊन ताटं देतात. माझ्या सासूबाई आधी दाराशी थांबल्या आणि मग त्या रांगेत स्वतःहून उभ्या राहिल्या.

पूर्वेचा मार्ग

हबराणा हे मध्यावरचं गाव मुक्कामाला धरा. विमानतळापासून चारेक तास. तिथून मिन्नेरिया आणि कौडुल्ला ही दोन्ही राष्ट्रीय उद्यानं जवळ. मिन्नेरियाचा तलाव महासेन राजानं बांधला, सुमारे सतराशे वर्षांपूर्वी. कोरड्या दिवसांत तलावाचं पाणी मागे हटतं, काठावर कोवळं गवत उगवतं आणि आजूबाजूच्या जंगलांतले हत्ती तिथे जमतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकाच संध्याकाळी शेकडो हत्ती दिसू शकतात. सफारी दुपारची घ्या, कारण हत्ती उतरत्या उन्हात काठावर येतात. कुठल्या उद्यानात जायचं हे आदल्या दिवशी ठरवू नका. हत्ती या जंगलातून त्या जंगलात फिरत असतात आणि आज ते कुठे आहेत हे स्थानिक चालकालाच माहीत असतं. मेमध्ये तलाव भरलेला असेल तर तो हुरुलूच्या जंगलाचं नाव सुचवेल. त्याचं ऐका.

हबराणाहून त्रिंकोमाली दोन तासांवर. उप्पुवेली आणि निलावेलीची पुळण लांबलचक आणि मेपासून ऑगस्टपर्यंत पाणी शांत. समोरच्या पिजन आयलंडला बोटीनं जाऊन पाण्याखालची प्रवाळं आणि मासे बघता येतात. पाय मात्र प्रवाळावर टेकवू नका, ते जिवंत असतं. शहरात समुद्रावर झुकलेल्या कड्यावर कोणेश्वराचं शिवमंदिर आहे. लहान मुलांना नुसतं पाण्यात डुंबायचं असेल तर त्रिंकोमालीपेक्षा दक्षिणेला पासिकुडा बरं, तिथलं पाणी खूप आतपर्यंत उथळ आहे.

दक्षिणेच्या समुद्राशी कसं वागावं

कोकणातल्या समुद्राला सरावलेल्यांना मी आवर्जून सांगते: दक्षिण श्रीलंकेचा समुद्र वेगळा आहे. बेटाच्या दक्षिण टोकावरच्या दोंद्राच्या दीपस्तंभापासून सरळ दक्षिणेला निघालं तर अंटार्क्टिकापर्यंत जमीनच नाही. तेवढ्या अंतरावरून आलेली लाट किनाऱ्यावर आपटते आणि परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. लाल झेंडा असेल तर घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. पोहायला आडोशाच्या जागा निवडा. मातरजवळच्या पोल्हेनाला खडकांच्या रांगेमुळे पाणी संथ असतं आणि तिथे समुद्री कासवं जवळून पोहत जातात. त्यांना हात लावणं किंवा शेवाळ चारणं टाळा. शांतता हवी असेल तर टंगाल्ला, खाण्यापिण्याची जागा आणि गजबज हवी असेल तर मिरिस्सा किंवा उनवाटुना. आम्हाला टंगाल्ला जास्त आवडतं. तिथून रेकवाचा किनारा जवळ आहे, जिथे रात्री कासविणी अंडी घालायला येतात. तिथल्या रक्षकांबरोबरच जायचं, मोबाईलचा उजेड बंद, कासवीण अंडी घालायला लागेपर्यंत लांब थांबायचं.

मिरिस्साहून डिसेंबर ते एप्रिलमध्ये निळे देवमासे बघायला बोटी जातात. पृथ्वीवरचा हा सगळ्यात मोठा प्राणी किनाऱ्यापासून इतका जवळ दिसण्याच्या जागा जगात फार थोड्या आहेत. बोट पहाटे सहाच्या सुमारास निघते आणि चार-पाच तास पाण्यावर असते. बोट लागणाऱ्यांनी आदल्या रात्री हलकं जेवावं आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोळी निघण्याआधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. बोट निवडताना एकच विचारा: देवमाशापासून किती अंतर राखता? याचं उत्तर न देणारी किंवा ‘अगदी जवळ नेतो’ म्हणणारी बोट सोडा. याच पाण्यातून मालवाहू जहाजांचा मोठा मार्ग जातो आणि त्यांच्या धडकेनं देवमासे मरतात. 2022 मध्ये एका मोठ्या जहाज कंपनीनं आपला मार्ग दक्षिणेकडे सरकवला. आपण पर्यटकांनीही तेवढं भान ठेवायला हवं. ही फेरी परतीच्या दिवशी ठेवू नका. समुद्र खवळलेला असला तर दुसऱ्या दिवशी जाता येईल अशी जागा ठेवा.

जेवण, पैसे, कागद

शाकाहारी माणसाचं श्रीलंकेत छान भागतं, एक गोष्ट लक्षात ठेवली तर. ओल्या खोबऱ्याच्या लालभडक पोल सांबोलमध्ये आणि बऱ्याच भाज्यांमध्ये सुक्या माशाचा चुरा घालतात, त्याला उम्बलकडा म्हणतात. वाढणाऱ्याला तो मासा वाटतच नाही, मसाला वाटतो. म्हणून ‘व्हेज आहे का’ असं न विचारता ‘उम्बलकडा नको’ असं सांगा. सकाळी इंदिआप्पा मागवा, ते आपल्या शिरवाळ्यांसारखेच लागतात, बरोबर डाळीची नारळाच्या दुधातली आमटी. तिस्स ते हंबनटोटा रस्त्यावर मातीच्या मडक्यांत म्हशीचं दही विकतात. त्यावर कितुलची काकवी ओतून खायचं. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड. मडकं रिकामं होईपर्यंत कुणी बोलत नाही.

सफारीचा खर्च विचारताना जीपचं भाडं आणि उद्यानाचं शुल्क वेगळं असतं हे ध्यानात ठेवा. शुल्कावर सेवा आकार, गाडीचा आकार आणि करही लागतात, त्यामुळे अंतिम आकडा ऐकलेल्यापेक्षा मोठा निघतो. ‘सगळं धरून माणशी किती’ हे आधी लेखी मागवून घ्या. सार्क देशांच्या नागरिकांना काही ठिकाणी सवलतीचा दर असतो, म्हणून मूळ पासपोर्ट जवळ ठेवा आणि खिडकीवर विचारा. भारतीयांना निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास परवानगी लागते. तिचे नियम आणि शुल्क बदलत असतात, त्यामुळे श्रीलंका सरकारच्याच संकेतस्थळावर बघा, शोधात वरती येणाऱ्या एजंटांच्या पानावर नको. तारखा ठरवताना कॅलेंडरात पौर्णिमा बघा. तिथे प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सार्वजनिक सुट्टी असते. तिला जोडून शनिवार-रविवार आला की उद्यानं स्थानिक लोकांनी भरून जातात, आणि त्या दिवशी दारूविक्री बंद असते.

श्रीलंका 2016 पासून मलेरियामुक्त आहे, पण डेंग्यू आहे, तेव्हा डासांचं मलम दिवसाही लावा. जंगलासाठी मळखाऊ रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडाला बांधायला सुती ओढणी. 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी) एक दुर्बीण कुटुंबात असावीच, तिच्याशिवाय जलाशयाच्या पलीकडचे चित्रबलाक नुसते पांढरे ठिपके दिसतात. समुद्रावर पोचलात की कॅमेऱ्यावरची जंगलातली धूळ आधी कोरड्या ब्रशनं झाडा. तिच्यावर खारी हवा बसली तर ती पुसताना काचेवर ओरखडे पडतात.

परतीच्या दिवशी मिरिस्साहून विमानतळ तीन तास धरा आणि कोलंबोच्या गर्दीसाठी वर एक तास. विमान रात्रीचं असेल तर सामान गाडीनं पुढे पाठवून गॉल ते कोलंबो आगगाडीनं जा, रूळ बराच वेळ समुद्राला लागून धावतात. खिडकी डाव्या हाताची घ्या. आणि बॅग भरताना मुलांचे खिसे तपासा. प्रवाळाचे तुकडे आणि शिंपले नेणं गुन्हा ठरू शकतो, ते हॉटेल सोडण्याआधी पुळणीवर परत ठेवून या.